सूर्याने प्यायलेलं पाणी

११ जानेवारी, शनिवार

हॅनेमन पाटाच्या भागधारकांनो, दीडशेहून जास्त वर्षं आपण या पाटावर जगतो आहोत. एवढ्या वर्षांत तुम्हाला पाणी पुरतं का, हे विचारायला आपल्या दारात कुणी आलं नाही. जो आला तो एकच प्रश्न घेऊन आला: विकता का? आधी शहरवाले आले. मग घरबांधणीवाले आले. आता खडीवाले आले आहेत. ते नदीकाठची जमीन चाळीस फूट उकरणार, गोटे आणि वाळू काढून नेणार आणि मागे सोडणार एक तळं. जमिनीखाली अंधारात गपचूप नदीकडे निघालेलं पाणी त्या तळ्यात उघडं पडणार आणि सूर्य ते पिणार. कायदा म्हणतो, सूर्याने जेवढं प्यायलं तेवढं नदीला परत द्या, कारण खालच्या गावांचा त्यावर तुमच्याआधीपासूनचा हक्क आहे. बरोबर आहे कायदा. पण परत द्यायला ते पाणी कुणाचं घेणार आहेत? तुमचं.

एवढं लिहून मोठ्याने वाचून पाहिलं. ‘विकता का’च्या आधी एक श्वास थांबायचं. सभा पंधरा फेब्रुवारीला आहे. पाच आठवडे भरपूर झाले.

ही वही आज सुरू केली, कारण आज कळलं की टिली वाइट्झेल पाटाच्या पाण्यातले तिचे आठही भाग खडीवाल्यांना विकते आहे. चेवोने सांगितलं. टिलीने नाही. साठ वर्षं आमच्या दोघांच्या शेतांमध्ये एक कुंपण आहे आणि मला ही बातमी पाटकऱ्याकडून कळावी!

१४ जानेवारी, मंगळवार

चेवो आर्चुलेटा सकाळी पाटाच्या दारांची कुलपं तपासायला आला होता. थंडीत पाट कोरडाच असतो, पण चेवो रोज फिरतो. त्याचा बाप पाटकरी होता, तोही असाच फिरायचा. चेवो माझ्या वर्गात होता, वादविवादाच्या संघात. दोन वर्षांत तो तीन वाक्यं बोलला असेल. अजून मला ‘मास्तर’ म्हणतो.

मी त्याला हिशेब समजावला. पाटाचे एकूण भाग एकशे बारा. मतं माणशी नाहीत, भागागणिक आहेत. टिलीचे आठ भाग पाटाबाहेर न्यायचे तर सभेची परवानगी लागते, हा आपल्या आजोबांच्या काळापासूनचा नियम. माझे चौदा. शिवाय म्हाताऱ्या लोकांच्या मतचिठ्ठ्या दर वर्षी माझ्याच नावे येतात, कारण त्यांना थंडीत हॉलवर यायचं नसतं. गेल्या वर्षी अशा सव्वीस आल्या होत्या. म्हणजे मी उभा राहण्याआधीच चाळीस. भाषणाने आणखी सतरा वळवले की विक्री पडली.

चेवो म्हणाला, “आणि मग टिलीबाईंनी काय करायचं, मास्तर?”

मी त्याला दहा मिनिटं सांगितलं. पाणी कुणा एकाचं नसतं. एकाचे आठ गेले की पाटातली धार पातळ होते, शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, मग शेवटचा विकतो, मग त्याच्या वरचा. रोमच्या गावांचं काय झालं तेही सांगितलं. तो कुलपाला तेल लावत होता. चांगला ऐकणारा माणूस आहे.

१५ जानेवारी, बुधवार

टिलीकडे गेलो. तिने कोबी आणि खिमा भरलेले पाव भाजले होते. मी येणार हे तिला कसं कळलं कोण जाणे, चार जास्तीचे होते आणि त्यात कॅरवेचं जिरं कमी होतं. मला कॅरवे आवडत नाही.

एकोणऐंशी वर्षांची बाई, दोन्ही गुडघे बदललेले. तिचा नवरा वॉल्टर जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यापर्यंत पाटातून वाफ्यात पाणी ओढणाऱ्या वाकड्या नळ्या लावायला ती स्वतः जायची, काठी एका हातात, नळी दुसऱ्या. मी तिला म्हटलं होतं की माझा माणूस पाठवतो. नको म्हणाली.

मी सगळं मांडलं. अठ्ठेचाळीस एकर कायमचे कोरडे होतील. विकत घेणारे लसूणघास मुळापासून मारतील, कारण त्याची मुळं खोल जाऊन खालचं पाणी चोरतात आणि निरीक्षक उन्हाळ्यात हिरवं पान शोधत फिरतात. वॉल्टरने लावलेली लसूणघास! नुसतं माळरानाचं गवत राहील. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “आणखी एक घे.”

मग तिने विचारलं, “तुझं तळं गोठलं का रे पुरतं?”

म्हटलं, गोठलं, पार बगळ्यांच्या काठापर्यंत.

“एकोणऐंशीचं ना ते?”

म्हटलं, हो, मी आणि माझा भाऊ एमिल त्या नाताळात त्यावर घसरत होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ओतला. म्हातारपणी माणूस जुन्या गोष्टींत रमतो. मी तिला तिथून परत मुद्द्यावर आणलं. निघताना तिने उरलेले दोन पाव कागदात बांधून दिले.

२० जानेवारी, सोमवार

खडीवाल्यांची अभियंता येऊन गेली. कोरीन ओस्टलंड. बर्फात चांगले बूट घालून आली, एवढं तिच्या बाजूने लिहितो.

तिला बाबांच्या वह्या हव्या आहेत. बाबांनी १९५१ पासून पंचेचाळीस वर्षं रोजचं पाणी लिहून ठेवलं. किती वाजता दार उघडलं, किती नळ्या, कोणतं शेत. आमचा आणि वाइट्झेलांचा उपपाट एकच, म्हणून त्यांचंही. टिलीच्या जमिनीने पूर्वी खरंच किती पाणी प्यायलं हे दाखवता आलं तरच तेवढं पाणी तिच्या नावे मोजलं जाईल. नोंद नसेल तर न्यायालय कमीत कमी धरेल आणि टिलीच्या हाती निम्मंच लागेल.

मी म्हटलं, माझ्या बापाचं अक्षर मी माझ्याच शेजाऱ्यांना कोरडं करायला देणार नाही.

तिने वाद घातला नाही. वह्या पुन्हा मागितल्या नाहीत. दारात उभी राहून हातमोजे चढवत म्हणाली की तिच्याकडे विमानातून काढलेली जुनी चित्रं आहेत, दर दोन-तीन वर्षांची. एक्क्याऐंशीच्या ऑगस्टातल्या चित्रात माझ्या तळ्याच्या जागी बीट दिसतात. “चित्रावरची तारीख चुकलेली असू शकते,” ती म्हणाली. “मी कुणाला काही म्हटलेलं नाही, मिस्टर हेर्गर्ट. तुम्हीच एकदा पाहा.”

मी तिला सांगितलं की ऐंशी साल संपण्याआधी उघडी पडलेली तळी कायद्याने माफ आहेत, माझं तळं १९७९ चं आहे आणि सरकारच्या पत्रकावर ते मी स्वतःच्या हाताने लिहून सही केली आहे, बाबा आजारी होते तेव्हा. धमकी द्यायची तर मऊ आवाजात द्यायची, हे त्यांना शिकवत असावेत.

तळ्यावर दोन बदकं होती. बर्फावर उभी. कशाची वाट पाहत होती कळलं नाही.

२१ जानेवारी

एक कल्पना. वह्या तिला द्यायच्या नाहीत, पण मी वाचायच्या. टिलीच्या शेताने पाणी कमी वापरलं असं कुठे सापडलं तर ते सभेत वाचून दाखवीन. विकायला पुरेसं पाणीच नाही म्हटल्यावर खडीवाले आपणहून निघून जातील. टिलीलाही मग कारण उरणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. वह्या तळघरातून वर आणल्या. त्रेचाळीस सापडल्या, दोन उंदरांनी खाल्ल्या.

बाबा बोलायचे कमी. मला बोलण्याचा सोस कुणाकडून आला असं आई नेहमी विचारायची. वहीतही तसेच. ‘६ जून ५८. चाळीस नळ्या, वरचं बीट. वाऱ्याने नळ्या सुटल्या. परत लावल्या.’ एवढंच. सबंध हंगामाचं दुःख अर्ध्या ओळीत मावतं: ‘गारा.’

वाइट्झेलांचं शेत पाणी पूर्ण प्यायलेलं आहे. दर वर्षी, दर पाळीला. वॉल्टर रात्री दोन वाजता उठून नळ्या बदलायचा हेही बाबांनी लिहिलं आहे आणि ‘पुन्हा ओटीलिया आली, वॉल्टरला ताप’ असं चार ठिकाणी. बाबा टिलीला नेहमी पूर्ण नावाने लिहीत. माझ्या भाषणाला यातून काही मिळालं नाही. उलट झालं. या वह्या न्यायालयात गेल्या तर टिलीला तिच्या पाण्याचं पुरेपूर माप मिळेल.

१९७९ ची वहीही चाळली. तळ्याचा उल्लेख नाही. बाबा खणण्याची कामं वेगळ्या वहीत लिहीत असावेत.

२७ जानेवारी

वेगळी वही नाही. शोधली.

२९ जानेवारी, बुधवार

‘२६ डिसेंबर ७९. उणे नऊ. मुलं साखर कारखान्याच्या तळ्यावर घसरायला गेली. आल्विनचा घोटा मुरगळला.’

घोटा मुरगळला होता हे खरं. एमिलने मला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं होतं. मागे धुरांडं होतं का? मला आठवतात काठावरचे कॉटनवुड. माझ्या तळ्यावर कॉटनवुड आहेत. कारखान्याच्या तळ्यावरही असतील.

त्याच वहीच्या मागच्या पानात कारखान्याच्या तळ्यावरच्या प्रवेशाची पावती होती.

पुढे एक्क्याऐंशी. ‘११ एप्रिल. एमिल.’ त्यानंतर सतरा दिवस एकही ओळ नाही. त्याच्या अंगावर ट्रॅक्टर कसा उलटला तेही नाही. एकोणतीस एप्रिलला: ‘दार उघडलं. तीस नळ्या.’

मग ब्याऐंशी. ‘४ ऑक्टोबर. बीट काढून झाले. काउंटीला रस्त्याला खडी हवी, खालचा कोपरा दिला. ९ ऑक्टोबर. अकरा फुटांवर पाणी लागलं. वॉल्टरने त्याचा लोडर आणला. ओटीलियाने प्लमचा केक आणला. १५ ऑक्टोबर. खड्डा भरला पाण्याने. असू दे. बदकं येतील.’

एमिलने ते तळं कधी पाहिलंच नाही.

३० जानेवारी

काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चेवोला बोलावून तळं मोजलं. बर्फ अजून हातभर जाड आहे. चेवोने मोजायचं चाक ढकललं, मी आकडे लिहिले. मध्यावर गेल्यावर खालून बर्फ कण्हल्यासारखा आवाज झाला आणि तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही मागेच थांबा, तुमच्या खिशात शब्द जड असतात.” मी हसलो. त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला विनोद.

दोन एकर आणि थोडं वर. इथे उघड्या पाण्यावरून सूर्य वर्षाला तीन फुटांहून जास्त उचलतो, पाऊस वजा जाता. म्हणजे साडेसहा एकर-फूट: एक एकरभर जमिनीवर साडेसहा फूट उभं पाणी. दर वर्षी. ब्याऐंशीपासून. मी गुणाकार केला आणि मग कागद पालथा घातला.

खडीवाल्यांनी अजून एक फावडं मारलेलं नाही. मी मात्र बेचाळीस वर्षं खालच्या माणसाचं पाणी सूर्याला पाजतो आहे आणि पाटाच्या सभेत दर वर्षी उभा राहून पाणीचोरांविरुद्ध बोलतो आहे. तीन वर्षांपूर्वीच्या भाषणात मी ‘आरशासारखं तळं’ म्हणालो होतो. माझ्याच तळ्याबद्दल. टाळ्या पडल्या होत्या.

चेवो जाताना म्हणाला, “सांगायचं कुणाला हे?”

म्हटलं, तुला सांगितलं की.

“मी पाटकरी आहे, मास्तर. मला पाणी दिसतंच.”

४ फेब्रुवारी, मंगळवार

टिलीकडे गेलो. आज काही भाजलं नव्हतं. ती खोक्यांत भांडी भरत होती, एकेक बशी वर्तमानपत्रात गुंडाळून. मी वही तिच्यापुढे ठेवली, पान उघडून. तिने चष्मा लावला नाही.

“प्लमचा केक,” ती म्हणाली. “तळाशी लागला होता. तुझ्या वडलांनी तरी दोन तुकडे खाल्ले.”

“तुला माहीत होतं.”

“लोडर आमचा होता, आल्विन.”

“मग मी ते पत्रक भरलं तेव्हा का नाही सांगितलंस? मी तुझ्या याच टेबलाशी बसून भरलं होतं ते.”

तिने बशी गुंडाळून पुरी केली, खोक्यात ठेवली, दुसरी घेतली. म्हणाली, “तू म्हणालास, ‘त्या बर्फावर एमिलने मला पाठीवर घेतलं होतं.’ तू एमिलला तिथे ठेवलं होतंस. मी कशाला उठवू त्याला?”

ती बशा गुंडाळत राहिली. मग मी पण एक घेतली. मला नीट जमत नाही, कागद सुटतो, पण तिने तीही खोक्यात ठेवली.

मी तिला पहिल्यांदाच विचारलं की ती का विकते आहे. आजपर्यंत मी तिला ती का विकू नये हेच सांगत आलो होतो. ती म्हणाली की बहिणीच्या शेजारी गावात एक घर आहे, सगळं एका मजल्यावर, जमिनीखालून गरम होणारं. सकाळी उठलं की पाय ऊबदार फरशीवर पडतात. “एवढंच. आणखी काही मोठं कारण नाही. तुला आवडेल असं कारण नाहीये माझ्याकडे.”

“आणि वॉल्टरची लसूणघास?”

“वॉल्टरला लसूणघास कधीच आवडली नाही. त्याला कांदे लावायचे होते. मीच नको म्हटलं.” आणि हसली. “तुझ्या भाषणात वॉल्टर फार छान माणूस असतो रे. घरी तो घोरायचा.”

मी विचारलं, सभेने नाही म्हटलं तर?

“तर नाही. मग मी इथेच. गुडघ्यांना सांगीन, आल्विनने सभा जिंकली.”

चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

येताना कुंपणाच्या फाटकाची कडी लावली. ती नेहमी सैल असते. तिच्या बाजूने बर्फात वाट पडलेली दिसते, माझ्या बाजूने फार कमी. बहुधा वारा तिकडून येतो म्हणून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वह्या कोरीन ओस्टलंडला दिल्या. त्रेचाळीस. पावती मागितली नाही, तिने आपणहून दिली.

मग मी तिला विचारलं की माझ्यासारख्या माणसाचं काय करतात. मला वाटलं होतं खटला, वर्तमानपत्र. ती म्हणाली, तुमच्यासारखे खूप आहेत, नदीच्या दोन्ही काठांना. दोन रस्ते आहेत. तळं मातीने बुजवायचं, किंवा जेवढं पाणी उडतं तेवढं नदीला परत द्यायचं. परत द्यायचं म्हणजे पाटाचा एक भाग त्यासाठी कायमचा बाजूला काढायचा, आणि तो भाग जी जमीन भिजवत होता ती सहा एकर कोरडी करायची. लसूणघास असेल तर मुळापासून उपटायची.

म्हणजे टिली जे करते आहे तेच. खडीवाले जे करताहेत तेच. शब्दसुद्धा तेच.

“बुजवायचं असेल तर माती आमच्याकडे भरपूर आहे,” ती म्हणाली. “स्वस्तात देऊ.” मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाली, “विनोद होता, मिस्टर हेर्गर्ट.”

मी तिला पाव दिले असते, पण टिलीने दिलेले संपले होते.

बुजवायचा विचार दोन दिवस केला. बगळ्यांना तारखा माहीत नाहीत. तळं राहील.

१० फेब्रुवारी, सोमवार

मतचिठ्ठ्या परत करत फिरलो. या वर्षी एकोणतीस आल्या होत्या, अकरा घरांतून. या लोकांनी मला मत दिलं ते ‘नाही’ म्हणण्यासाठी. ते मी ‘होय’ला वापरू शकत नाही आणि ‘नाही’ही म्हणू शकत नाही. मग त्या माझ्या खिशात काय करणार?

बहुतेकांनी कारण ऐकून घेतलं आणि कॉफी दिली. लेहमान म्हातारा मात्र चिठ्ठी हातात घेऊन उलटीपालटी करत राहिला. म्हणाला, “म्हणजे मला त्या थंड हॉलवर यावं लागणार? तुझ्या एका तळ्यापायी?” मग खालच्या आवाजात विचारलं की कायद्याचं ते साल नक्की कुठलं. त्याच्या गोठ्यामागेही एक तळं आहे.

हे मी घरोघरी ऐकलं. तिघांनी सालच विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली. शेतकरी मंडळाच्या हॉलमधली शेगडी उशिरा पेटली, सगळे कोट घालून बसले. टेबलावर सात प्रकारची बटाट्याची कोशिंबीर आणि टिलीचे पाव.

मी भाषण आणलं नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी लिहिलेलं घरी ठेवलं. उभा राहिलो आणि तळ्याबद्दल सांगितलं. साल, एकर, पाण्याचं माप, मी केलेली सही. एमिलबद्दल बोललो नाही. मग म्हटलं, माझा एक भाग नदीला परत द्यायला मी सभेची परवानगी मागतो, आणि टिलीच्या आठ भागांना जी परवानगी तुम्ही नाकाराल ती मलाही नाकारा, कारण दोन्ही गोष्टी एकच आहेत. फरक एवढाच की तिने विचारून केली. म्हणून एकाच चिठ्ठीवर दोन्ही घ्या.

चार मिनिटं झाली. बसल्यावर मला वाटलं की काहीतरी राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चेवोने शेगडीत लाकूड घातलं.

त्यानंतर वाद झाला, चांगला तासभर. एकजण म्हणाला की आज आठ आणि एक, उद्या चाळीस, पाटात शेवटी चेवोच उरेल. बरोबर आहे त्याचं. ते माझंच वाक्य होतं, जानेवारीतलं. मग ठरलं की जे भाग जातील त्यांनी पाटाच्या गळतीचा, वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा, वाटा मुख्य दारातच मागे सोडायचा, म्हणजे शेवटच्या शेताची धार पातळ होणार नाही. हे टिलीने सुचवलं. उभी न राहता, पाव वाढता वाढता. पन्नास वर्षं ती या सभेला पाव घेऊन येते आहे आणि मला आठवतं तसं ही तिची पहिली सूचना. किंवा मी आधीच्या ऐकल्या नसतील.

एकसष्ट ‘होय’, एकेचाळीस ‘नाही’, दहा भाग गैरहजर. लेहमानने ‘होय’ लिहिलं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं.

मी सभागृहाची खुर्ची उचलायला वाकलो तेव्हा टिली शेजारी येऊन म्हणाली, “आज बोललास छान. मला पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकू आलं.”

तिला कानाचं यंत्र बदलून मिळालं असावं.

९ मार्च, रविवार

टिली गेली. भाचा ट्रक घेऊन आला होता. मी दोन खोकी उचलली. ती म्हणाली, फाटकाची कडी नीट लावत जा. म्हटलं, आता कोण जाणार आहे त्यातून?

घर विकायचं आहे, पण अजून कुणी नाही. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात दिवा नव्हता. मला वाटलं होतं लक्षात येणार नाही.

२३ मार्च, रविवार

कोरडी ठेवायला रस्त्याकडची सहा एकर ठरली. बाबांनी एमिल गेल्याच्या पुढच्या वर्षी तिथे लसूणघास टाकली, मी तीनदा फिरवून लावली. सध्याची सात वर्षांची आहे. आत्ताच हिरवी व्हायला लागली आहे, कुठेही पाणी न देता. खालचं पाणी तिला सापडलं आहे. म्हणूनच तिला उपटायचं.

काल नांगर जोडला. शेताच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ट्रॅक्टर बंद केला, तासभर बसलो आणि परत आलो. आज पुन्हा. मला ते जमणार नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाने हे लिहावं हे बरं दिसत नाही, पण ही वही माझी आहे.

तेव्हा हे लिहिलं. आधी तीन पानं होती. आता एवढंच. उद्या चेवो मुख्य दाराच्या फळीवर लावेल.

हॅनेमन पाटाच्या भागधारकांनो,

आपलं पाणी घ्यायला पुष्कळ लोक आले आणि येतील. त्यांच्याशी भांडताना मी तुमच्यापुढे वीस वर्षं बोललो. त्या वीस वर्षांत माझ्या शेतातून जे पाणी गेलं ते मी मोजलं नव्हतं. आता मोजलं आहे. त्याच्या बदल्यात माझी रस्त्याकडची सहा एकर या उन्हाळ्यापासून कोरडी राहायची आहे आणि तिथली लसूणघास पाट सुटण्याआधी मुळापासून निघायला हवी. ते मला एकट्याने होत नाही. टिली वाइट्झेल गावातून केक घेऊन येणार आहे. या वेळी तळाशी लागणार नाही, असं तिने फोनवर सांगितलं आहे.

येत्या शनिवारी, एकोणतीस मार्चला, सकाळी आठ वाजता तुमचा नांगर घेऊन माझ्या शेतावर या.

आल्विन हेर्गर्ट